न नेलेलं सफरचंद

बातमी एस.टी.च्या कंडक्टरनं आणली. शिरूरहून सकाळी सुटणारी गाडी अकराच्या सुमारास दौंडला येते. गाडी स्टँडात लावून चहाला जाण्याआधी तो आमच्या पार्सल ऑफिसच्या खिडकीशी आला आणि म्हणाला, “बाबू, तुमच्या नर्सबाई गेल्या. पहाटं. माती चार वाजता हाय. रूथबाईंनी तुमाला सांगाया सांगितलंय.” मी ‘बरं’ म्हणालो. एक पावती अर्धी लिहून झाली होती ती पुरी केली, शिक्का मारला, समोरच्या माणसाच्या हातात दिली. मग साहेबांना सांगून निघालो आणि त्याच गाडीनं परत शिरूरची वाट धरली. गाडी केडगाव मागे टाकून चौफुल्याला आली तरी मला दुःख असं काही झालं नव्हतं. मनात एकच गोष्ट घोळत होती... दीड महिन्यापूर्वी बाईंना भेटायला गेलो तेव्हा मी सफरचंद नेलं नव्हतं.

मार्थाबाई शिरूरच्या दवाखान्यात नर्स होत्या. केडगावच्या मिशनच्या आवारात वाढलेल्या, तिथेच शिकलेल्या, आणि ऐन पंचविशीत घोडनदीला आल्या त्या कायमच्याच. आमच्याकडचे जुने लोक शिरूरला अजून घोडनदीच म्हणतात. त्यांच्याविषयी उद्या कुणी लिहिलं तर त्यांनी किती बायकांची बाळंतपणं केली, पटकीच्या साथीत त्या कशा गावोगाव हिंडल्या, हे लिहील. ते सगळं खरंच असेल. पण त्यातल्या कशालाच मी हजर नव्हतो. मी हजर होतो तो त्यांच्या सफरचंदाला, आणि रेल्वेत आयुष्य काढलेल्या माणसाला जे डोळ्यांनी पाहिलं तेवढंच लिहायची सवय असते.

आता बाजाराच्या दिवशी शिरूरच्या स्टँडवरसुद्धा हातगाडीवर सफरचंदं दिसतात, म्हणून हे आधी सांगायला हवं. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी आमच्या भागात सफरचंद हे फळ नव्हतंच, ते औषध होतं. औषधसुद्धा नव्हे, निरोप होता म्हणा. उत्तरेकडून पेट्या येत, दौंडला गाडी बदलत आणि पुण्याला जात. पाऊस सरत आला की आमच्या ऑफिसात आठ-आठ दिवस तो गोडसर वास कोंडून राहायचा. पण दौंडला उतरणारी पेटी मी क्वचितच पाहिली. फलाटावर मेलच्या उतारूंना फळं विकणारे हुसेनभाई होते, त्यांच्या टोपलीत चार-सहा सफरचंदं मऊ कागदात गुंडाळून ठेवलेली असत. गावातला कुणी ती घ्यायला आला की हुसेनभाई आधी आवाज उतरवून विचारायचे, “घरमें कौन बीमार है?” कारण धडधाकट माणसानं सफरचंद खायचं असतं हे कुणाच्या गावीही नव्हतं. ते आजाऱ्याला, आणि तेही आता काही उरलं नाही अशा आजाऱ्याला न्यायचं. सोयरेधायरे भेटायला येताना बाकी काही नाही तर एक सफरचंद आणायचे, उशाशी ठेवायचे. आजारी माणूस ते बघायचा आणि समजायचा. आमच्याकडे तसं बोलायचीच पद्धत पडली होती. “आप्पांचं कसं काय?” असं विचारलं की उत्तर यायचं, “आप्पा सफरचंदावर आलेत.” मग पुढं कुणी काही विचारत नसे.

त्या वर्षी भाद्रपदात माझी मुलगी शालन आजारी पडली. दीड वर्षाची होती. मी नोकरीपायी दौंडला, बायको आणि मूल शिरूरला माझ्या आईपाशी. तार आली म्हणून धावत गेलो तर पोरीला तीन दिवस हगवण लागलेली. डोळे खोल गेले होते, रडायचं तर आवाज निघत नव्हता. आईचे अंगारे-धुपारे झाले होते, एका वैद्याची पुडी झाली होती, दवाखान्याचं औषधही चालू होतं, पण पोटात काही ठरत नव्हतं. दवाखान्यातनं नर्सबाई दिवसातून दोनदा घरी येत होत्या. मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या चुलीशी. पांढरं नऊवारी लुगडं, पायात कॅनव्हासचे बूट, आणि स्वतः पाणी उकळून घेत बसलेल्या, कारण आईनं ‘उकळलं’ म्हणून सांगितलेल्या पाण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. मला पाहून त्या म्हणाल्या, “तुम्ही दौंडच्या पार्सल ऑफिसात ना? मग एक काम करा. सफरचंदं आणा. दोन पुरेत.”

आई तिथेच उभी होती. तिनं तोंडाला पदर लावला आणि भिंतीला टेकून खालीच बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी दौंडला गेलो. हुसेनभाईंनी नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी नेहमीचं उत्तर दिलं. त्यांनी टोपलीतली सगळी सफरचंदं दाबून पाहिली आणि त्यातली दोन चांगली काढून दिली. दुपारच्या गाडीनं पिशवी मांडीवर धरून मी परत निघालो. शेजारी न्हावऱ्याची एक म्हातारी बाई बसली होती. गाडी हिंदकळली, पिशवीचं तोंड उघडलं, तिनं आत पाहिलं. नंतर माझ्याकडे पाहिलं आणि “अगं बया...” एवढंच म्हणाली. न्हावऱ्याला उतरताना तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. न्हावरा ही माझी सासुरवाडी, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

घरी पोचलो तर आई उंबऱ्यात आडवी उभी. ती जन्मात माझ्यावर कधी ओरडली नव्हती. “ते फळ घरात आणू नगंस. माजी शपथ हाय तुला. पोर अजून बगतीया माज्याकडं, आन् तू तिच्या उशाला ते ठिवणार व्हय?” माझी बायको आत पोरीला धरून बसली होती. तिला दोन्हीकडून भीती होती. मी हातात पिशवी घेऊन अंगणात उभा. पार्सलं सांभाळायची नोकरी केलेला माणूस, पण असलं पार्सल कधी अंगावर आलं नव्हतं. तेवढ्यात बाई आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, काही वाद घातला नाही. ओट्यावर बसल्या, पिशवीतून एक सफरचंद काढलं, उकळलेल्या पाण्यानं धुतलं, विळीवर दोन भाग केले. एका भागाची फोड काढली आणि सालीसकट सगळ्यांच्या देखत कराकरा खाल्ली. आजूबाजूच्या बायका जमल्याच होत्या. दुसरी फोड त्यांनी आईपुढे धरली.

“आजी, तुम्ही किती वर्षांच्या?”

“कुनाला ठावं. साठीची आसंन.”

“मग घाबरता कशाला? घ्या. उद्या सकाळी आपण दोघी जिवंत असलो तर पोरीला द्यायचं. नसलो तर नाही द्यायचं. पण सकाळपर्यंत थांबलो तर पोर थांबेल का, ते तुम्हीच सांगा.”

आईनं ती फोड हातात घेतली. बाई शांतपणे तिच्याकडे बघत होत्या. मी एवढा मोठा झालो होतो, पण आपली आई मरणाला तयार होऊन काही खाते आहे हे दृश्य पाहिलं नव्हतं. तिनं डोळे मिटून फोड तोंडात टाकली, चावली आणि थोड्या वेळानं डोळे उघडून म्हणाली, “गोड हाय की.” मग ती उंबऱ्यातनं बाजूला झाली.

बाईंच्या पिशवीत एक चमचा असायचा, जर्मन सिल्व्हरचा, जाड दांड्याचा. त्यानं त्या सफरचंदाचा गर खरवडत. किसणीनं नाही, चमच्यानंच. गर वाटीत जमला की झाकून ठेवत आणि थांबत. थोड्या वेळानं गर तांबूस आणि मग काळपट झाला, तेव्हा बायकांत पुन्हा कुजबुज सुरू झाली. “नर्सबाई, ते तर नासलं की वं!” बाई म्हणाल्या, “नासलं नाही. काळं पडलं म्हणून काही वाईट नसतं. हे असंच पोटाला धरतं.” त्यांना हे मिशनमधल्या एका परदेशी डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, असं पुढं कधीतरी त्यांनी सांगितलं. मग पोरीला मांडीवर घेऊन त्यांनी चमच्याच्या टोकानं थोडं थोडं भरवायला सुरुवात केली. अधेमधे मीठ-साखरेचं पाणी. दोन तास त्या हलल्या नाहीत.

शालन बरी झाली. सफरचंदानं, का उकळलेल्या पाण्यानं, का दवाखान्याच्या औषधानं, हे मी सांगू शकत नाही, आणि बाईंनीही कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी ती मांडीवर बसून भाकरीच्या तुकड्याशी खेळत होती. त्याच वेळी दारात बैलगाडी थांबली आणि न्हावऱ्याहून माझे सासू-सासरे, दोन मेहुणे आणि एक चुलत सासू गळे काढतच खाली उतरले. बसमधल्या म्हातारीनं त्यांना ‘तुमची नात सफरचंदावर आली’ असं सांगितलं होतं. सासऱ्यांनी डोक्याचं मुंडासं काढून हातात घेतलं होतं. शालननं त्यांच्याकडे पाहून हात पुढे केले, तेव्हा सासूबाईंचा हुंदका मध्येच अडकला. मग सगळेच एकदम हसायला लागले आणि हसता हसता पुन्हा रडले. एवढी माणसं अनायासे जमलीच होती म्हणून आईनं पुरणपोळ्या घातल्या.

मी बाईंना काय द्यावं ते विचारायला गेलो. दवाखान्यामागच्या दोन खोल्यांत त्या राहत. पुढं ओटा, ओट्यापुढून बाजाराचा रस्ता. त्या म्हणाल्या, “द्यायचंच असेल तर एक करा, पार्सलबाबू. दौंडहून याल तेव्हा एक सफरचंद आणत जा. तुम्ही धडधाकट, मी धडधाकट. या ओट्यावर बसून अर्धं अर्धं खाऊ. जाणाऱ्या-येणाऱ्याला दिसू दे.” मला ही थट्टा वाटली, पण पंधरवड्यानं घरी आलो तेव्हा मी एक सफरचंद घेऊन गेलो, आणि त्यांनी चाकू बाहेर आणून ठेवला.

हे पुढं पंधरा-सोळा वर्षं चाललं. हंगाम नसला की पेरू, नाहीतर बोरं. पण पाऊस सरल्यापासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत सफरचंदच. सुरुवातीला लोक थांबून बघायचे. काही जण चेष्टाही करायचे, “काय बाबू, नर्सबाई, दोगांचाबी नंबर एकदमच लागला का काय?” बाई हसत आणि आपलं व्याख्यान देत. सफरचंद सालीसकट खावं, सालीतच पोट साफ ठेवायचा गुण आहे. चावून खाल्लं की दातांना, हिरड्यांना काम मिळतं. उपाशी पोटी चहा ढोसण्यापेक्षा हे बरं. बाळंतिणीला द्यावं, पोटुशीला द्यावं, शाळेत जाणाऱ्या पोरांना द्यावं. म्हाताऱ्याला दात नसतील तर शिजवून द्यावं. हे सगळं मला इतक्या वेळा ऐकायला मिळालं की मीसुद्धा दौंडच्या फलाटावर लोकांना सांगायला लागलो. हुसेनभाई म्हणायचे, “बाबू, आप मेरी टोकरीपर बैठ जाओ, मैं पार्सल संभालता हूँ.”

एकदा मी त्यांना सरळच विचारलं, “बाई, सफरचंदात जे आहे ते पेरूत नाही का? पेरू तर आपल्या इथं गल्लीबोळात मिळतो.” त्या म्हणाल्या, “बरंचसं आहे. काही जास्तच असेल.” मी म्हणालो, “मग एवढा आटापिटा सफरचंदासाठी कशाला?” त्यांनी फोड संपवली, बी हातात घेऊन थोडा वेळ बघितलं आणि म्हणाल्या, “कारण पेरूला कुणी भीत नाही. आपल्याकडे माणसाला काही चांगलं खायला मिळायचं तर त्यानं आधी मरायला टेकावं लागतं. हे मला बघवत नाही.”

त्यांना रागावलेलं मी एकदाच पाहिलं. त्यांच्या शेजारच्या आळीत एक बागाईतदार राहत, आम्ही सगळे त्यांना आबा म्हणायचो. आबांना क्षय झाला होता. बाईंनी त्यांच्या मुलांना कितीदा सांगितलं होतं की औषधाच्या जोडीला दूध द्या, अंडी द्या, रोज एक सफरचंद द्या, ताकद भरून येईल. घरात कशाला तोटा नव्हता, पण सफरचंद म्हटलं की मुलं चूप. आबांना काय वाटेल, ही भीती. तीन महिने गेले. मग ज्या दिवशी आबांची शुद्ध हरपली त्या दिवशी थोरल्या मुलानं पुण्याहून डझनभर सफरचंदं आणून उशाशी रचली. बाई आत गेल्या, ती रास पाहिली आणि बाहेर येऊन त्या मुलाला म्हणाल्या, “आता आणलीत? आता त्यांना चावता येतं का? तीन महिने मी काय सांगत होते? तुम्ही त्यांना जपत नव्हता, स्वतःला जपत होता.” त्या मुलानं मान खाली घातली. ओट्यावर परत आल्यावर मात्र बाई म्हणाल्या, “मी असं बोलायला नको होतं. तो बिचारा भ्यालाय.” पण ते वाक्य माझ्या डोक्यात राहिलं, आणि अशी वाक्यं डोक्यात राहिल्यानं माणूस शहाणा होतो असं नाही, हे पुढं दिसेलच.

यंदाच्या दिवाळीनंतर बाईंचं पोट दुखायला लागलं. त्यांनी वाढवलेली रूथ केडगावच्या शाळेत शिकवते. तिनं आणि मी मिळून त्यांना पुण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात नेलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाहेर व्हरांड्यात बोलावलं आणि गाठ कुठली, कुठपर्यंत गेली, हे समजावून सांगितलं. दोन महिने धरून चाला, म्हणाले. रूथ खांबाला धरून उभी राहिली. तिनं मला एकच विनवलं, “काका, मावशीला यातलं काही कळू द्यायचं नाही. तुम्हाला माझी शपथ.” मी कबूल केलं. बाईंना अल्सर आहे असं सांगितलं आणि घरी आणलं. बाईंनीही डोळे मिटून ‘बरं’ म्हटलं. चाळीस वर्षं रोग्यांत घालवलेल्या बाईला आपण फसवू शकतो असं आम्हाला वाटलं, ते आता आठवलं की हसू येतं. पण तेव्हा वाटलं खरं.

मार्गशीर्षात मी त्यांना भेटायला निघालो. सवयीनं हुसेनभाईंकडे गेलो. त्यांनी न विचारताच सफरचंद काढून पुढं धरलं, चांगलं लालबुंद. मी हात पुढे केला आणि थांबलो. मनात आलं, आता त्या खरोखरच आजारी आहेत. आता सफरचंद नेलं तर...? त्या काही म्हणणार नाहीत, पण आत कुठंतरी चमकून जाईल. शेजारणी बसलेल्या असतील, त्या एकमेकींकडे बघतील. आजच्या दिवस नकोच. मी म्हणालो, “हुसेनभाई, आज संत्री द्या.” हुसेनभाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. त्यांचे हात सफरचंदाभोवतीच राहिले. मग ते खाली ठेवून त्यांनी सहा संत्री मोजून दिली. पंधरा वर्षं फलाटावर उभा राहून ‘सफरचंद खा, भिऊ नका’ सांगणारा मी! लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

बाई खाटेवर बसल्या होत्या, उशीला टेकून. खूप वाळल्या होत्या, पण डोळे तेच. रूथ स्वैपाकघरात होती. मी पिशवी खाली ठेवली. त्यांनी आत बघितलं, संत्र्यांवरून हात फिरवला. नंतर माझ्या दुसऱ्या हाताकडे, मग कोटाच्या खिशाकडे पाहिलं.

“सफरचंद?”

“मिळालं नाही, बाई.”

“मार्गशीर्षात?”

मी संत्री काढून ताटलीत ठेवायला लागलो. बाहेर रस्त्यावरून बाजाराला जाणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता... त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. आमच्या आईनं फोड हातात घेतली तेव्हा तिच्याकडे ज्या नजरेनं त्यांनी पाहिलं होतं, तीच नजर. मग त्यांनी आवाज खाली आणला आणि एकदम माझ्याशी एकेरीत बोलल्या. इतक्या वर्षांत तसं कधी बोलल्या नव्हत्या.

“म्हंजी डॉक्टरनं तुला सांगितलंय तर.”

मिशनमध्ये शिकलेल्या बाई नेहमी पुस्तकातलं मराठी बोलायच्या. हे ‘म्हंजी’ मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकलं. आपण पकडले गेलो याची शरम वाटली, आणि आपण शरमतोय ते केवळ पकडले गेल्यामुळं, हे लक्षात आल्यावर त्याहून जास्त शरम वाटली. डॉक्टरनं जे लपवलं, रूथनं रडू आवरून जे लपवलं, ते मी एक फळ न नेऊन सांगून टाकलं होतं. सफरचंद नेलं असतं तर त्यांना काहीच कळलं नसतं. तो आमचा नेहमीचाच शिरस्ता होता.

“साऱ्या घोडनदीचं भ्या काढलं मी,” त्या म्हणाल्या, “आन् तुजं तेवढं ऱ्हायलं बघ.” मग स्वैपाकघराकडे पाहून म्हणाल्या, “रूथला सांगू नगंस मला कळलंय म्हणून. पोर जीव तोडून लपवतीया. लपवू दे. उद्या ये. सफरचंद घेऊन ये.”

संध्याकाळच्या गाडीनं मी दौंडला परतलो आणि दुसऱ्या दिवशी सफरचंद घेऊन पुन्हा गेलो. हुसेनभाईंनी ते हातात ठेवताना फक्त मान हलवली. बाईंच्या हट्टानं रूथनं आणि मी मिळून त्यांना ओट्यावर आणून बसवलं. उतरतं ऊन होतं. मी चाकूनं दोन भाग केले. त्यांना चावणं जमत नव्हतं, म्हणून आपला तो चमचा मागवला आणि स्वतःच खरवडायला लागल्या. हाताला जोर नव्हता, बराच वेळ लागला. मी माझी फोड खात बसलो. त्या बघत होत्या म्हणून सालीसकट खाल्ली.

रस्त्यावरून एक तरुण बाई चालली होती, काखेला मूल. बाईंच्या हातूनच तिचं बाळंतपण झालं असावं, कारण ती थांबली. ओट्यावरचं सफरचंद तिनं पाहिलं, खाटेवरून उठवून आणलेल्या बाईंकडे पाहिलं आणि तिचा चेहरा बदलला. इतक्या वर्षांनीही तो बदललाच. बाईंनी मला खूण केली, मी माझ्या भागातली एक फोड कापून तिच्यापुढे धरली. तिनं ती घेतली आणि पदराच्या टोकात बांधायला लागली. “घरी जाऊन देते त्याला, नर्सबाई.”

“घरी न्हाई. हितंच.”

ती अडखळली. मग तिनं पदराची गाठ सोडली, फोडीचा एक तुकडा आधी स्वतः तोंडात टाकला, चावला, आणि उरलेला पोराच्या हातात दिला. पोरानं तो दोन्ही हातांनी धरून चोखायला सुरुवात केली. वाटीतला गर एव्हाना काळा पडला होता. बाईंनी त्यातले दोन चमचे खाल्ले, आणि उरलेली वाटी माझ्याकडे सरकवली. “संपव,” म्हणाल्या. त्यानंतर चार-पाचदा मी गेलो, पण ओट्यावर त्या पुन्हा आल्या नाहीत.

माती झाली त्या दिवशी गावातली सगळ्या आळ्यांतली माणसं होती. आबांचा थोरला मुलगाही होता, तो खड्ड्यापाशी बराच वेळ टोपी काढून उभा होता. सगळं आटोपल्यावर रूथनं मला घरात बोलावलं, कपाटातून तो चमचा काढून माझ्या हातात दिला आणि म्हणाली, “काका, एक मात्र बरं झालं. मावशीला शेवटपर्यंत काही कळलं नाही.” मी ‘हो’ म्हणालो. बाईंनी तिला सांगू नकोस म्हटलं होतं, आणि तो शब्द तोवर मी पाळला. पण वर्तमानपत्राच्या ज्या पुरवणीत हे छापून येईल, ती रूथ वाचते. पोरी, बाईंना कळलं होतं. माझ्यामुळं कळलं. त्यांना आधीच कळलं असणार असं म्हणून मी स्वतःची समजूत घालत नाही. आबांच्या मुलाला त्या जे बोलल्या ते मला लागू होतं. मी त्यांना जपत नव्हतो, स्वतःला जपत होतो. आणि तू त्यांच्यापासून जे लपवत होतीस, ते त्याही तुझ्यापासून शेवटपर्यंत लपवत राहिल्या, हेही तुला माहीत असावं.

बिऱ्हाड आता दौंडलाच हलवलं आहे, चमचा तिथल्या स्वैपाकघरात असतो. डाव्या बाजूनं त्याची कड इतकी झिजली आहे की चहात साखर घालायलाही तो धड उपयोगाचा नाही. बायको दोनदा म्हणाली, बाजूला ठेवा तो. शालन आता मॅट्रिकच्या वर्गात आहे. ती सफरचंद चालता चालता खाते, सालीसकट, आणि बी अंगणात थुंकते. तिला त्यात काही विशेष वाटत नाही. गेल्या आठवड्यात मी हुसेनभाईंकडून एक सफरचंद आणलं, सवयीनं दोन भाग केले आणि माझा भाग खाल्ला. दुसरा ताटलीत तसाच राहिला. संध्याकाळी पाहिलं तर काळा पडला होता. बायको टाकायला निघाली, तिला म्हटलं, थांब. मग चमचा घेतला, तो भाग तळापर्यंत खरवडला आणि सगळा खाल्ला. चांगला गोड होता.